पाझर फुटलेली जागा

शोषखड्डा खणायला परवानगी लागते, हे मला शोषखड्डा खणून झाल्यावर कळलं.

मी भित्रा माणूस आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण लाज वाटायलाही थोडं धैर्य लागतं. एका छापखान्यात मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाशी निकराने झुंजतो, आणि दुधात पाणी जास्त झालं तर दूधवाल्याशी बोलायला बायकोला पुढे करतो. असा माणूस सरकारी नियम मोडेल हे कोणाला खरं वाटणार नाही. मलाही वाटत नव्हतं.

पण घरात अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली. ते बाजाराच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकाचे दुकानदार तराजू पुसायला घेत, असं बायको सांगते. आमच्याकडे राहायला आले आणि आमच्याच जिन्यावरून पडून खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पुढच्या खोलीत पलंग पडला. आमचा संडास-बाथरूम माडीवर. दीड महिन्यानंतर डॉक्टर म्हणाले, आता कोणाचा तरी हात धरून हळूहळू जिना चढायला हरकत नाही. त्यावर अण्णा म्हणाले, "मी जिना चढणार नाही." का, असं विचारायची छाती घरात कोणाची नव्हती. डॉक्टरांचीही दिसली नाही.

तेव्हापासून दिवसातून अनेकदा पुढच्या खोलीतून "जावईबापू" अशी हाक येई. पुढे काही नसे. मी भांडं घेऊन जाई. स्वतःच्या मुलीला ते या कामासाठी खोलीत येऊ देत नसत, त्यामुळे हा मान माझ्याकडे आला होता. ते भिंतीकडे बघत, मी छताकडे. भांडं परत नेताना आम्ही दोघंही हवापाण्याबद्दल काहीतरी बोलत असू. सासरा-जावई या नात्याला जी काही प्रतिष्ठा असते ती आम्ही अशा रीतीने रोज थोडीथोडी वाहून नेत होतो.

एक दिवस बायको स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अण्णांनी पाणी पिणं कमी केलंय."

"का?"

"तुला हाक मारायला लागू नये म्हणून."

मी पुढच्या खोलीत डोकावलो. सकाळी भरून ठेवलेला तांब्या तसाच्या तसा होता. डॉक्टरांनी तर भरपूर पाणी पाजा म्हणून बजावलं होतं, नाहीतर मूत्रपिंडावर येईल म्हणाले होते. त्याच दिवशी ठरलं की मागच्या अंगणात, तळमजल्याला लागून, अण्णांसाठी एक छोटा संडास-बाथरूम बांधायचा. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, पण संध्याकाळी अर्धा पेला पाणी प्यायले.

आमचं घर उतारावर आहे. रस्त्याचं गटार वरच्या बाजूला, अंगण खालच्या बाजूला. आणि पाणी कितीही समजावलं तरी वर चढत नाही. म्हणून शोषखड्डा. हा सल्ला शेजारच्या अनुभवींचा. अनुभवी हे त्यांचं आडनाव नाही, पण जगात असं एकही काम नाही ज्याचा त्यांना अनुभव नाही, म्हणून सगळी गल्ली त्यांना तसं म्हणते. त्यांनी स्वतः येऊन पायाने माती टोकरून जागा दाखवली. परवानगीचं मी विचारलं तेव्हा ते दयेने हसले. म्हणाले, खड्डा खणायला विचारायला गेलात तर जन्मभर विचारतच राहाल. खणलेला खड्डा दाखवलात तर साहेब काय, तो परत उचलून नेणार आहे का? मला हे पटलं. भित्र्या माणसाला ठामपणे बोललेलं काहीही पटतं.

गवंडी आला, त्याने माणूस उभा बुडेल एवढा खड्डा खणला, आणि तो चहा पीत असताना मला म्हणाला, "तुम्ही परवानगी काढलीय ना? कारण हल्ली झऱ्याचा नियम आलाय."

हा झरा म्हणजे आमच्या गल्लीच्या खालच्या टोकाला, दगडी टाकीत पडणारा. नळाचं पाणी आम्ही धुण्याभांड्याला वापरतो, पिण्याला सगळी गल्ली त्या टाकीचं नेते. गेली काही वर्षं झरा बारीक होत चालला म्हणून नगरपालिकेने नियम केला होता: झऱ्याच्या वरच्या अंगाला जेवढी जमीन आहे तिथे कमरेपेक्षा खोल खणायचं नाही, सांडपाणी मुरवायचं नाही, सगळं अंगण फरशीने झाकायचं नाही, कारण तिथलंच पाणी मुरून झऱ्याला येतं. हे सगळं गवंड्याने मला नीट समजावून सांगितलं. खणायच्या आधी का नाही सांगितलं असं मी विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही शिकलेले. मला वाटलं वाचलं असेल." एवढं बोलून त्याने घमेली गोळा केली आणि परवानगी आल्यावर बोलवा म्हणून निघून गेला.

त्यानंतर मला रस्त्यावरून जाणारा प्रत्येक खाकी शर्ट आपल्याकडेच येतोय असं वाटू लागलं. शेवटी न राहवून मी नगरपालिकेत गेलो. खड्ड्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, फक्त परवानगी मागायची, असा बेत होता. खिडकीमागच्या बाईंच्या समोर संगणक होता आणि त्या मान वर न करता टाइप करत होत्या. मी अण्णांची सगळी हकीकत सांगितली. तुमची जागा झऱ्याच्या पट्ट्यात येते, परवानगी मिळणार नाही, असं त्या म्हणाल्या. मी पुन्हा सांगितली. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा माझ्यातला भाषेचा माणूस जागा झाला. माझं सगळं शौर्य भाषेत आहे, आणि ते नको तेव्हा वर येतं.

मी म्हणालो, "बाई, म्हातारा माणूस पाणी प्यायला घाबरतो हो. आता तरी पाझर फुटू द्या."

बाईंची बोटं थांबली. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "कुठे फुटलाय पाझर?"

"फुटलेला नाही. फुटावा असं म्हणतोय."

"म्हणजे फुटायच्या बेतात आहे. ओल दिसते का?"

मला वाटलं, बाई रसिक आहेत. मी भारावून म्हणालो, "ओल आत असतेच हो. वरून दिसत नाही, एवढंच."

त्यांनी माझं नाव, घराचा क्रमांक आणि बरंच काही टाइप केलं, आणि माझ्याशी एकदम अदबीने बोलू लागल्या. लोक असं आपणहून कळवत नाहीत, तुमच्यासारखे नागरिक हवेत, असंही म्हणाल्या. परवानगीची काळजी करू नका असं काहीतरी त्या बोलल्याचं मला आठवतं. निदान मी ते तसं ऐकलं. घरी येताना मी स्वतःशी गुणगुणत होतो.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि आमच्या फाटकाला तारेने एक पाटी बांधून गेली. 'पाझर आढळलेली जागा. येथे खणणे, बांधणे, फरशी घालणे व सांडपाणि मुरवणे यांस सक्त मनाई आहे. लवकरच तपासणी होईल.' सांडपाण्याचा णि ऱ्हस्व होता. पाझर हा शब्द तेवढा बिनचूक छापला होता, आणि तोच चुकीचा होता. बायकोने पाटी दोनदा वाचली आणि विचारलं, "तू तिथे नक्की काय बोललास?" मी तिला वाक्प्रचाराचा अर्थ समजावून सांगू लागलो. तिला अर्थ माहीत होता. तिला मी माहीत नव्हतो, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

गल्ली दुपारपर्यंत जमली. अनुभवींना धास्ती पडली की आता आपल्या अंगणातही कोणी पाझर शोधेल; त्यांनी गेल्याच वर्षी सगळ्या अंगणात चकचकीत फरशी घातली होती. टाकीशेजारी राहणाऱ्या काकूंनी मात्र माझं कौतुक केलं. म्हणाल्या, हल्ली कोण एवढं सांगतं? पाणी सापडलं तर लोक भिंत घालून घेतात. मी हात जोडून सगळ्यांचं ऐकत होतो आणि मागच्या अंगणातल्या खड्ड्यावर टाकलेल्या फळ्यांकडे कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून त्यांच्यासमोर उभा राहत होतो. शेवटी अनुभवींनी मला बाजूला घेऊन सल्ला दिला. तपासणीला माणसं येतील, त्यांना कोरडी जमीन दाखवायची, खिडकीवरच्या बाईंची ऐकण्यात चूक झाली म्हणायचं, पाटी निघेल. खड्डा दिसला तर झाडासाठी म्हणायचं. एवढ्या खोल कुठलं झाड लावतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, झाडाचं नाव त्यांनी विचारलं तर बघू.

थोडक्यात, आता मला एवढंच सिद्ध करायचं होतं की माझ्या अंगणात पाणी नाही. हे सोपं होतं, कारण पाणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळी उचलून पाहिली तर खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं.

मी आधी नळाचा मुख्य कॉक बंद केला. मग गच्चीवरची टाकी तपासली. मग बायकोला हाक मारली. आम्ही दोघांनी बादल्यांनी खड्डा उपसला आणि पाणी गुपचूप माडीवरच्या न्हाणीत नेऊन ओतलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेवढंच. कुठल्या पाइपातून गळत असणार असं मी म्हणत राहिलो, तोवर एकदा बायकोने बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन माझ्यापुढे धरलं. स्वच्छ, निवळ. मी घाबरत घाबरत घोटभर प्यायलो. ती चव मी लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून रोज जेवताना घेत आलो होतो. झऱ्याचं पाणी होतं ते. तिने ओंजळ रिकामी केली आणि हात पदराला पुसले.

अलंकारिक बोलायला जावं आणि ते खरं निघावं, यासारखी भीती नाही.

त्याच आठवड्यात टाकीची धार बारीक झाली. करंगळीएवढी असायची ती सुतळीएवढी झाली. रांग लांबली. काकू घागर लावून बसायच्या आणि भरेपर्यंत सगळ्या गल्लीची गाऱ्हाणी ऐकून घ्यायच्या. असं एकाएकी कसं झालं, याचा शोध सुरू झाला. माझ्या अंगणात तर पाझर फुटला होता, म्हणजे मी पाणी देणाऱ्यांपैकी. माझ्यावर संशय यायचं कारणच नव्हतं. संशय आला अनुभवींवर, त्यांच्या फरशीमुळे. कोणी त्यांच्याशी धड बोलेना. दुकानात त्यांना सुटे पैसे देताना हातावर न देता काउंटरवर ठेवू लागले. तो ठाम माणूस एका दुपारी माझ्याकडे आला आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "मी काय केलंय हो? फरशी तर वर्षभरापूर्वीची आहे."

मी त्यांना पाणी विचारलं. नको म्हणाले. खरं सांगावं असं तोंडावर आलं होतं. पण सांगितलं तर खड्डा बुजवावा लागणार, बाथरूम जाणार, दंड होणार, आणि सगळी गल्ली माझ्या दारात येणार. तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली, "जावईबापू." मी भांडं घेऊन धावलो. त्या वेळी भांडं हा मला आधार वाटला, एवढी माझी अवस्था झाली होती.

तपासणीच्या दिवशी आम्ही पहाटेच उठून खड्डा कोरडा केला, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर माती पसरली आणि मातीवर कुंड्या मांडल्या. तपासणीच्या बाई भूजल खात्याच्या होत्या. पायात बूट, हातात लोखंडी सळई. त्या अंगणभर सळई टोचत फिरल्या. मी त्यांच्या मागे मागे, आणि दर वेळी त्या कुंड्यांकडे वळल्या की मी मधे येऊन हवापाण्याबद्दल काहीतरी विचारायचो. त्या चांगल्या होत्या, हे सगळ्यात वाईट होतं. ओरडणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं जमलं असतं.

त्या म्हणाल्या, "खालची धार कमी झालीय हे तुम्हाला माहीत असेल. वर कुठेतरी कोणीतरी पाण्याची शीर कापलीय. आठवडाभरात बुजवली तर पाणी परत वळायची आशा असते, नंतर ते दुसरी वाट धरतं. तुम्ही स्वतःहून कळवणारे आहात म्हणून विचारते. इथे आसपास कोणी खणलंय?"

माझ्या डोळ्यांसमोर अण्णांचा भरलेला तांब्या आला. मी तोंड उघडलं. मी 'नाही' म्हणणार होतो, हे मी आज कबूल करतो. जिभेवर नकार तयार होता.

तेवढ्यात घरातून वॉकर आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग थांबून पुन्हा. स्वयंपाकघर ओलांडून अण्णा मागच्या दाराच्या चौकटीत येऊन उभे राहिले. पडल्यापासून ते एवढे कधी चालले नव्हते. कपाळावर घाम होता, पण आवाज तोच, बाजाराच्या दोन टोकांपर्यंत जाणारा.

"बाई, त्या कुंड्या उचला. खाली खड्डा आहे, त्याला पाणी लागलंय. रोज सकाळी हे दोघं उपसतात. मला बादल्या ऐकू येतात."

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, जन्मभर मी लोकांची खोटी मापं धरली. माझ्यापायी तुम्ही खोटं माप लावायचं नाही."

मला वाटलं होतं, पकडलो गेलो की मी कोसळेन. प्रत्यक्षात मला इतकं हलकं वाटलं की मीच पुढे होऊन पहिली कुंडी उचलली. बाईंनी खड्ड्यात वाकून पाहिलं. तळाशी एका कोपऱ्यातून पाणी शांतपणे येत होतं. त्या रागावल्या नाहीत, दंड मात्र केला. सिमेंट वापरायचं नाही, खाली दगड, वर काढलेलीच माती, आणि आजच. झरा परत येईल का, असं बायकोने विचारलं. बाई म्हणाल्या, सांगता येत नाही.

गल्लीला मी स्वतः सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली आणि बाकीचं बायकोने सांगितलं. मी शिव्या खायच्या तयारीने मान खाली घालून उभा होतो. काकू म्हणाल्या, "एवढे दिवस आम्ही सुतळीखाली घागर लावून बसलो, आणि तुम्ही बादल्यांनी न्हाणीत ओतत होतात?" मात्र दगड टाकायला त्याच पहिल्या आल्या, आणि त्या आल्या म्हणून बाकीचे आले. अनुभवी आले नाहीत. ते त्यांच्या भिंतीवरून बघत होते. दगड चुकीचे रचले जातायत हे त्यांना किती वेळ सहन झालं कोण जाणे. शेवटी न राहवून त्यांनी तिथूनच, माझ्याकडे न बघता, मोठे खाली घ्या म्हणून सांगितलं. मी ते मोठे खाली घेतले.

धार पुढे परत आली, पण त्याला वेळ लागला. खड्डा बुजवल्याच्या दुसऱ्या दिवशी ती होती तशीच सुतळीएवढी होती, आणि मी सकाळपासून दोनदा टाकीपाशी जाऊन मान खाली घालून परत आलो होतो. घरात आलो तेव्हा अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते. शेजारी तांब्या, भरलेला. मी भांडं आणायला वळलो तर त्यांनी थांबा म्हणून हात केला.

मग भिंतीकडे बघत म्हणाले, "खाली बाथरूम झालं असतं तर कोणाला सांगावं लागलं नसतं."

"काय, अण्णा?"

"मला जिन्याची भीती वाटते."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. हट्ट म्हणून, ताठा म्हणून, सगळ्या घराने ज्याच्यापुढे मान तुकवली होती, ते एवढंच होतं. आयुष्यभर या एकाच विषयाचा अभ्यास केलेला मी, आणि माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर बसलेली भीती मला ओळखू आली नव्हती. ती अण्णांच्या आवाजात बोलत होती म्हणून.

मी म्हणालो, "मलाही वाटते. तुम्ही पडलात त्या दिवसापासून मी कठडा धरूनच उतरतो."

"खरं सांगता?"

"मला जवळजवळ सगळ्याचीच वाटते, अण्णा. सवय होते."

त्यांनी वॉकर बाजूला सारला आणि माझा खांदा धरला. त्यांची पकड अजून चांगलीच होती. माझा सदरा चुरगळला. आम्ही जिन्यापाशी गेलो. बायको मागे येऊन उभी राहिली. एक पायरी, मग दोन्ही पाय टेकायचे, मग थांबायचं. मधे एका पायरीवर ते थांबले आणि त्यांचं सगळं अंग कापायला लागलं. तीच पायरी असावी. मलाही कापरं भरलं, पण आम्ही दोघं एकमेकांना धरून होतो, त्यामुळे कोण जास्त कापतंय ते कळायला मार्ग नव्हता. मग ते हळूच म्हणाले, "चला." आम्ही चढलो.

वर पोचल्यावर त्यांनी माझा खांदा सोडला, बाथरूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. इतक्या दिवसांनी त्यांनी एक दार आपल्या हाताने लावलं होतं. मी बाहेर वरच्या पायरीवर बसलो. खाली बायको डोळे पुसत तांब्यात ताजं पाणी भरत होती.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, नेहमीचाच, पण जरा खाली उतरलेला.

"जावईबापू, आहात ना बाहेर?"

"आहे, अण्णा."